पूवरसूची कालव्याकडची बाजू

श्रीनिवासरावांनी आयुष्यात एकच देव निर्माण केला, आणि तोही बस चुकू नये म्हणून.

झालं ते असं. तंजावूरहून पापनाशमकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खेड्याचा फाटा आहे. फाट्यावर तंगराजूची चहाची टपरी, टपरीमागे कालवा आणि कालव्याच्या काठाला एक म्हातारं पूवरसूचं झाड. महाराष्ट्रात त्याला भेंड म्हणतात. पानं पिंपळासारखी, पण पिंपळाचा मान नाही. गावातली पोरं त्या पानाची सुरळी करून पिपाणी वाजवतात, बायका त्याच पानात पिठाचे उंडे उकडतात आणि उरलेला पाला शेळ्या खातात. सगळ्यांच्या उपयोगाचं आणि म्हणूनच कोणी पाया न पडणारं असं ते झाड.

त्या शुक्रवारी सकाळी श्रीनिवासराव आपल्या थोरल्या बहिणीबरोबर, सुप्रभाअक्काबरोबर, त्या झाडापाशी गेले होते. अक्का झाडांच्या सालींचे ठसे कापडावर उतरवून घ्यायची. एरवी हे काम तिचं एकटीचं. पण तिचा खांदा धरला होता, कापडाची वरची कड ताणून धरायला दुसरा हात हवा होता, आणि घरात रिकामा हात एकच होता.

अक्काने सांगितलं ते इतकंच : कापड धर, आणि वरची कड जिथे येईल तिथे कावेचा एक ठिपका ठेव, म्हणजे पुढचा पट्टा जुळवायला खूण राहील. एवढं सांगून ती कोरड्या कालव्यात उतरली. खालच्या बाजूने झाडाची मुळं काठातून बाहेर आली होती, ती तिला पाहायची होती.

श्रीनिवासरावांचे हात भरून आले. त्यांनी सुंभ घेऊन कापड खोडाभोवती घट्ट बांधून टाकलं. ठिपका एकच ठेवला आणि तो पुसला गेला तर काय, म्हणून तीन ठेवले. चांगले ठसठशीत, एका ओळीत, बरोबर मध्यावर. बायकोने देवासाठी आणायला सांगितलेला मोगऱ्याचा सर पिशवीत चुरगळेल, म्हणून तो कापडाच्या वर खोडाला असलेल्या एका खुंटाला अडकवला. मग लांबून, मोरीच्या पलीकडून, बसचा भोंगा ऐकू आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. श्रीनिवासराव निवृत्त होईपर्यंत बसडेपोत टाइमकीपर होते. भोंगा ऐकला की इतरांना बस आली हे कळतं; श्रीनिवासरावांना आपण गुन्हेगार असल्याचं कळतं. त्यांनी स्टूल उचललं, पिशवी उचलली, अक्काला हात देऊन कालव्यातून जवळजवळ उपसून काढलं आणि ड्रायव्हरला हाका मारत रस्ता गाठला. बसमध्ये बसल्यावर अक्काने विचारलं, कापड घेतलंस ना? ते म्हणाले, घेतलं. खोटं बोलायचा हेतू नव्हता. आपण इतकं सगळं उचललं त्यात तेही असणार, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

घरी पिशवी उलटी केली तेव्हा तिच्यातून मेणाचा गोळा, कावेची डबी आणि छत्री निघाली.

आता हे कापड पिवळं होतं. हळदीचं नव्हे. अक्का जुनं धोतर हिरड्याच्या काढ्यात आणि दुधात भिजवून वाळवायची. कापडावर चित्रं रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून तिने ती युक्ती उचलली होती. त्याने कापड काळा रंग घट्ट धरतं आणि मंद पिवळं होतं. पण कालव्याच्या काठाने जाणाऱ्या माणसाला हिरडा काय दिसणार? त्याला दिसलं ते हे : शुक्रवार, जुनं झाड, पिवळं वस्त्र, तीन लाल टिळे, वर मोगऱ्याचा सर. तामिळ मुलखात याहून कमी पुराव्यावर देवी प्रकट झालेल्या आहेत.

शनिवारी सकाळी दोघं पहिल्या बसने परत गेली. झाडापाशी पणती जळत होती. एका सराचे तीन झाले होते. खोडाला, हात पोचेल तिथवर, हळद फासलेली होती, आणि तीन बायका पदर खोचून आजूबाजूची जमीन झाडत होत्या. अक्का सवयीने सरळ झाडाकडे निघाली. त्यांतली एक बाई अतिशय मायेने म्हणाली, ताई, चप्पल काढून या.

अक्काने चप्पल काढली. दुसरं काय करणार? सकाळच्या दहिवरात पाय भिजवत ती उभी राहिली आणि आपल्या झाडाकडे लांबून पाहू लागली. श्रीनिवासरावांनीही चप्पल काढली आणि शक्य तितके बारीक होऊन ते तिच्या मागे उभे राहिले.

सुप्रभाअक्काची गोष्ट तशी फार मोठी नाही. ती पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ट्रेसर होती. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली, त्यावर आरपार दिसणारं ट्रेसिंगचं कापड, आणि त्यावर शाईने तीच रेघ ओढायची. नोकरीभर दुसऱ्याच्या रेघेवरून हात फिरवायचा. स्वतःची रेघ काढली तर ती चूक. कावेरीच्या मुलखातले सगळे लहानमोठे कालवे तिच्या हाताखालून वाहून गेले. त्यातला एकही तिने पाहिलेला नव्हता. पुढे कॉम्प्युटर आले, ट्रेसर कोणाला नकोसे झाले, आणि तिला आवक-जावक टपालाच्या टेबलावर बसवलं. तिथे ती तक्रार न करता पाकिटं फोडत बसली.

लग्नाचंही तसंच. तंजावुरात मराठी घरं मोजकी, त्यातली निम्मी नात्यातली. एक स्थळ पाहायला आलं होतं. मुलाने मुलीच्या बोटांची शाई पाहून, ही जाते का कधी, असं विचारलं. अक्का म्हणाली, ही नाही जात, तुम्ही जा. श्रीनिवासराव तेव्हा शाळेत होते. पाहुण्यांसाठी केलेलं सगळं खाणं आपल्याला मिळालं, एवढंच त्यांच्या लक्षात आहे.

निवृत्त झाल्यावर ती आता देवळात जाईल किंवा टीव्हीपुढे बसेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसली आणि एक कालवा पाहून आली. संध्याकाळी परतल्यावर तिने कॉफीचा पेला हातात घेतला. मग म्हणाली, "सीनू, कालव्याला काठ असतो. हें मज कोणी सांगिटलंच नव्हतं."

नकाशात कालवा म्हणजे दोन रेघा. बाजूला कोरं कापड. त्या कोऱ्या जागेत चिंचा, मोह, भेंड, शेवरी, माड अशी सगळी मंडळी उभी आहेत हे तिला साठीला आल्यावर कळलं, आणि मग ती रोज त्यांना भेटायला जाऊ लागली.

तिच्याबरोबर चालणं हा एक सत्त्वपरीक्षेचा प्रकार होता. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ती ज्या वेळात जाई, तेवढ्यात श्रीनिवासरावांनी कुंभकोणमला बस पोचवून परत आणली असती. ती थांबे. सालीवर हात ठेवी. डोळे मिटून घेई. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, बाईंना भोवळ आली. एकदोघांनी सोडा आणून पाजला. पूवरसूचं फूल सकाळी पिवळं असतं आणि संध्याकाळपर्यंत तांबूस होतं असं कोणीतरी तिला सांगितलं, तर ते होताना पाहायचं म्हणून ती दिवसभर झाडाखाली बसून राहिली. काय दिसलं, असं घरी विचारलं तर म्हणाली, झालं खरं, पण कधी झालं तें दिसलं नाही. उद्या पुन्हा जाते.

आधी तिने पेन्सिलीने झाडं काढून पाहिली. पण नोकरीभर पट्टीवरून चाललेला हात, झाड काही साधेना. चिंच काढली तर ती पाण्याच्या टाकीसारखी दिसे. तिच्यात किती लिटर पाणी मावेल तेवढं कळे. मग तिने आपल्या हाताला जे येत होतं तेच केलं. काजळी आणि मेण वितळवून करवंटीत त्याचा गोळा पाडला, झाडाला कापड गुंडाळलं आणि वरून तो गोळा हलकेच घासला. साल खालून उमटली. भेगा, गाठी, किड्यांच्या वाटा, जुन्या फांदीची मिटलेली जखम, सगळं. चित्र झाडाने काढूनच ठेवलं आहे, आपण उतरवून घ्यायचं, असं ती म्हणे. एक इंजिनियर गेला, दुसरा मिळाला.

कापड म्हणून श्रीनिवासरावांची धोतरं एकामागून एक जाऊ लागली. एक चिंच झालं, एक मोह झालं. त्यांच्या पत्नी गंगाबाई दोरीवर काही वाळत घालायच्या आधी विचारत, वन्सं, हें नेसायचं कीं झाड व्हायचं?

आणि मग अक्काने पूवरसू मनावर घेतला. हे झाड तिने मुद्दाम निवडलं होतं. वड, पिंपळ, कडुनिंब यांच्या वाटेला ती कधीच गेली नाही. त्यांना आधीच गिऱ्हाईक आहे, आपली गर्दी कशाला, असं तिचं म्हणणं. पूवरसूकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. त्याचं अख्खं खोड, मुळापासून पहिल्या फांदीपर्यंत, सगळ्या बाजूंनी उतरवायचं तिने ठरवलं. लोहाराकडून झाडाच्या घेराएवढी लोखंडी कडी करून घेतली आणि ती मागच्या खोलीत छताला टांगली. पट्टे एकमेकांना जोडून त्या कडीवरून सोडायचे. पुरं झालं की माणसाला झाडाच्या आत जाऊन उभं राहता येईल.

रस्त्याकडची बाजू झाली होती. अर्धी कडी भरली होती. एका दुपारी श्रीनिवासराव त्या खोलीत सतरंजी टाकून लवंडले आणि डोळे उघडले तेव्हा वर ते अर्धं खोड होतं. त्यांना गार वाटलं. पंखा बंद होता. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, पण रोज दुपारी ते तिथेच झोपू लागले आणि उरलेली बाजू कधी होते याची, अक्काच्या नकळत, वाट पाहू लागले.

उरली होती ती कालव्याकडची बाजू. तीच अवघड. तिथे खोड पिळवटलेलं होतं, गाठी होत्या, आणि खाली मुळं दोरखंडासारखी एकमेकांत शिरली होती. अक्का म्हणायची, रस्त्याकडून झाड सगळ्यांना दिसायला उभं असतं. आपलं आपण कसं आहे तें कालव्याकडून. त्या बाजूचा पहिला पट्टा घ्यायला म्हणून ती शुक्रवारी भावाला घेऊन गेली होती.

तर आता त्या बाजूला हळद.

श्रीनिवासरावांना जेवण जाईना. हळद सालीच्या भेगांत बसली की ठसा धड उमटत नाही, आणि तिच्यावर रोज तेल पडू लागलं की संपलंच. मंगळवारी ते अक्काला न सांगता एकटेच फाट्यावर गेले. झालं ते सरळ सांगून टाकायचं, गावकरी भले आहेत, हसतील आणि कापड सोडून देतील, असा त्यांचा बेत होता.

तंगराजू आता टपरीत कमी आणि झाडाखाली जास्त असे. त्याची म्हैस बरेच दिवस लाथा मारत होती, ती शुक्रवारी संध्याकाळपासून गप्प उभी राहून दूध देऊ लागली होती; तेव्हापासून त्याने झाडाची व्यवस्था अंगावर घेतली होती. श्रीनिवासरावांनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं : बहीण, ठसे, हिरडा, काव, बस. तंगराजूने मधे एकदाही अडवलं नाही. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले. शेवटी त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला आणि हात जोडले.

"म्हणजे आईचं पहिलं वस्त्र तुमच्या हातून, अय्या?" अय्या म्हणजे तामिळमधलं 'साहेब'.

श्रीनिवासराव म्हणाले, तसं नव्हे, मी विसरलो. तंगराजू म्हणाला, विसरवलं कोणी? श्रीनिवासराव म्हणाले, बस आली होती. तंगराजू म्हणाला, ती बस रोज उशिरा येते, शुक्रवारीच वेळेवर कशी आली? डेपोत इतकी वर्षं काढूनही एखादी बस वेळेवर का येते हे श्रीनिवासरावांना कधी कळलं नव्हतं.

ते परत आले तेव्हा त्यांच्या कपाळाला रेशमी पट्टा बांधलेला होता. मोठ्या देवळांत मानकऱ्यांना बांधतात तो. हातात केळीच्या पानात गोड पोंगल, गळ्यात झेंडूची माळ. टपरीपासून बसपर्यंत त्यांना वाजवत आणलं होतं. गंगाबाईंना आनंद झाला. तीस-चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कोणी माळ घातलेली त्या पहिल्यांदाच पाहत होत्या, निवृत्तीच्या वेळीसुद्धा डेपोने नुसतं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. अक्काने कपाळावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, पोंगलचा घास तोंडात टाकला आणि तूप बरं आहे म्हणाली.

गंगाबाईंनी मग नणंदेची समजूत घातली. त्या म्हणाल्या, वन्सं, एका परीनं बरंच झालं, आतां तें झाड कोणी कापणार नाही.

"कापणार कोण होतं?" अक्काने विचारलं.

कोणीच नव्हतं. गंगाबाई भांडी आवरायला गेल्या.

दुसरी युक्तीही श्रीनिवासरावांचीच. देवीला वस्त्र वाहायला कोणाची ना नसते. तेव्हा अक्काने हिरड्याचं कापड वस्त्र म्हणूनच न्यावं, कालव्याच्या बाजूने गुंडाळावं आणि नमस्कार करता करता गोळा फिरवावा. तेल अजून तिकडे फारसं पोचलेलं नाही. वस्त्र वाहून झाल्यावर प्रसाद म्हणून परत मागून घ्यावं. अक्काला हे पटलं नव्हतं. पण तिला दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि काही न सुचणारा माणूस श्रीनिवासरावांचं ऐकतो.

शुक्रवार टाळून बुधवारी दोघं गेली. वस्त्र पाहून बायकांनी वाट करून दिली. पहिल्या मानाचे अय्या आणि त्यांची थोरली बहीण म्हटल्यावर त्यांना कोण अडवणार? अक्काने कापड खोडाला लावलं, हाताने दाबत दाबत भेगांत बसवलं, आणि पदराआडून गोळा काढला. हलकेच फिरवला. पिळाची पहिली गाठ कापडावर आली. श्रीनिवासरावांनी पाहिली ती. काळी, भरीव, माणसाच्या मुठीसारखी. अक्काचा चेहरा त्या क्षणी इतका निवांत झाला की ते तिच्याकडे पाहतच राहिले, आणि म्हणून मागे काय चाललं आहे तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

मागे बायका रांगेत उभ्या राहिल्या होत्या. मोठ्या घरची बाई काळा गोळा घेऊन देवीच्या अंगाला उटणं लावते आहे. हा काहीतरी मोठा नेम असणार, आणि तो आपल्याला इतके दिवस कोणी सांगितला नव्हता. पहिली पुढे झाली आणि अक्काच्या हाताशी हात लावून तिने हळद फासली. दुसरीने कुंकू. तिसरीजवळ काहीच नव्हतं, तिने पणतीतलं तेल घेतलं. कोणी ढकललं नाही, कोणी हिसकलं नाही. प्रत्येकीने आधी अक्काकडे पाहून, करू ना, असं डोळ्यांनी विचारलं, आणि अक्काला नाही म्हणता आलं नाही. नाही कशाला म्हणायचं हे कोणत्या शब्दांत सांगणार? गाठ हळदीखाली गेली, मग कुंकवाखाली, मग तेलात फुटली.

कापड परत मागायचं ठरलं होतं. पण देवीचं वस्त्र एका घरात जात नाही. तंगराजूने मोठ्या निगुतीने त्याच्या चिंध्या केल्या आणि सगळ्यांच्या मनगटांना बांधल्या. अक्काच्याही. तिच्या वाट्याला आलेल्या चिंधीवर बोटभर काळं उमटलेलं होतं. घरी आल्यावर तिने ती सोडली, उजेडात धरून पाहिली आणि कडीच्या रिकाम्या अर्ध्या भागावर बांधून ठेवली. त्या दुपारी श्रीनिवासराव मागच्या खोलीत झोपायला गेले नाहीत.

त्यानंतर सिमेंट आलं.

सिंगापूरला असलेल्या गावातल्या कोणीतरी ते पाठवलं होतं. झाडाभोवती कट्टा बांधायचा, त्यावर फरशी, वर पत्र्याचं छप्पर. अम्मन, म्हणजे देवी आई, उन्हात किती दिवस उभी राहणार? बातमी कळली तशी अक्का त्याच दिवशी उठून गेली. श्रीनिवासराव मागे होतेच. ठसा आता मिळणार नव्हता हे तिने मनाशी धरलं होतं. पण कालव्याकडच्या मुळांवर गवंड्याने खडी ओतायला घेतली होती, आणि ही मुळं उघडी असतात म्हणून झाड श्वास घेतं, हे तिला सांगायचं होतं. खोडाला लागून सिमेंट भरलं तर आतून कुजत जाईल. आज नाही, दोन-चार वर्षांत.

तिने गवंड्याला सांगितलं. गवंडी म्हणाला, बरोबर आहे अम्मा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोड, ती म्हणाली. तो म्हणाला, सोडूया अम्मा. तंगराजूला सांगितलं; तो म्हणाला, तुमच्या शब्दाबाहेर कोण आहे? पंचायतीतल्या बाईंना सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, नीर मोर, म्हणजे पातळ ताक, पाजलं आणि, तुमच्यासारख्या जाणत्या माणसांचीच गरज आहे, असं म्हणून फोनवर फोटो काढला. श्रीनिवासरावांच्या आयुष्यात इतकी माणसं इतक्या लवकर कशाला हो म्हणाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. कोणी भांडलं असतं तर अक्का भांडली असती. कचेरीत ती हेड ड्राफ्ट्समनला पुरून उरली होती. पण मान डोलावणाऱ्या माणसाशी कसं भांडतात?

श्रीनिवासराव एकदा जोरात म्हणाले, अरे, झाड मरेल. सगळे हसले. देवी मरते का कुठे?

सलग कडक ऊन होतं. चैत्र संपत आलेला, आभाळ पांढरंफेक, कालव्यात वाळू. काम करायला याहून चांगला हंगाम नाही, असं गवंडी खुशीत म्हणे. त्याने दिलेला शब्द पाळला, हे मात्र कबूल करायला हवं. त्याने खोडापाशी जागा सोडली. एक पणती मावेल एवढी.

शुक्रवारी कट्ट्याची पूजा होती. पहिल्या मानाच्या अय्यांना आणि त्यांच्या बहिणीला न्यायला तंगराजूने रिक्षा पाठवली होती. जायचं नाही म्हणावं, तर ती माणसं दारात येऊन उभी राहिली असती, आणि आपलं काय चुकलं म्हणून रडवेली झाली असती. गेली दोघं. शेवटचा गिलावा पहाटेच झाला होता. कडेने अजून गर्द करडा, ओला दिसत होता, आणि त्यावर कोणी पाय देऊ नये म्हणून काठ्या आडव्या ठेवल्या होत्या. मुळं दिसत नव्हती. पिळवटलेलं खोड सिमेंटमधून एकदम वर आलं होतं, कमरेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसासारखं. नादस्वरम वाजत होतं. पिवळी फुलं कट्ट्यावर पडत होती आणि ओल्या गिलाव्याला चिकटून राहत होती.

श्रीनिवासरावांना पट्टा बांधला, माळ घातली. त्यांनी ती घालू दिली. मान खाली घालून उभं राहिलं की माळ घालायला सोपी जाते, एवढाच त्याचा परिणाम झाला. कापूर फिरला. सगळे हात जोडून डोळे मिटून उभे राहिले, आणि त्यांनी पाहिलं तर अक्कानेही हात जोडले होते.

अक्का देवाला शिव्या देणाऱ्यातली नव्हती, पण मागणारीही नव्हती. घरच्या नवरात्रात ती उदबत्ती लावून नमस्कार करी आणि कामाला लागे. आज आरती संपली, घंटा थांबली, बायका प्रसादाकडे वळल्या, तरी तिचे डोळे मिटलेलेच. ओठ किंचित हलत होते. श्रीनिवासरावांना भडभडून आलं. काय मागत असेल ती? खोड परत मागत असेल, कालव्याकडची ती बाजू मागत असेल, की आपल्या भावाला क्षमा? आपण समजतो त्यापेक्षा ती मोठी आहे, असं त्यांना वाटलं. ती सगळं विसरून नतमस्तक झाली आहे, आणि आता घरी जाऊन शांतपणे दुसरं झाड शोधेल, अशी एक आशाही त्यांच्या मनात उगवली.

तिने डोळे उघडले. आधी झाडाकडे पाहिलं, मग त्या करड्या ओल्या कडेकडे, मग वर आभाळाकडे.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "काय मागिटलंस?"

"सिमेंट वाळायच्या आंत पाऊस."